निर्व्यसनी नवरा आणि बारोलो

माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी एकच अट घातली होती. मुलाचा पगार विचारला नाही, घर पाहिलं नाही, पत्रिकासुद्धा नीट उघडली नाही. मुलगा निर्व्यसनी हवा, बस्स. धनंजय हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, त्यामुळे साताऱ्यातल्या आमच्या तमाम नातेवाइकांच्या मते तो आधीच वाया गेलेला होता. बाबांनी त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "त्या धंद्यात राहून थेंबभरही घशाखाली जाणार नाही, असा शब्द देता?" धनंजयने दिला. तेव्हा त्याला मी हवी होते, त्या घाईत त्याने काहीही कबूल केलं असतं. पण नुसता शब्द देऊन तो थांबला नाही. तो शब्द पाळत बसला, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण त्र्याण्णव साली आम्ही दुबईला आलो आणि हॉटेलने या निर्व्यसनी माणसाला दारूच्या कोठारावर बसवलं. हुद्दा स्टोअर्स सुपरवायझर. खाली तळघरात थंडगार खोली, त्यात हजारो बाटल्या आणि मध्ये स्वेटर घालून माझा नवरा. वर इटालियन रेस्टॉरंट होतं, त्यामुळे निम्म्या बाटल्या इटलीच्या. दुसरा कोणी असता तर त्याने बाटल्या मोजून कुलूप लावलं असतं. आमच्या धनंजयने इटलीचा नकाशा आणला. मग त्यातल्या एकाच प्रांताचा, पिएमोन्तेचा, आणखी मोठा नकाशा आणला, आणि तो आमच्या बेडरूममध्ये चिकटवला. अल मनखूलच्या त्या दीड खोलीच्या फ्लॅटमध्ये कपाटाला जागा नव्हती, पण पिएमोन्तेला होती.

सात वर्षं मी त्या प्रांताबद्दल ऐकलं. भात परतताना ऐकलं, लेकीच्या, शुभ्राच्या वेण्या घालताना ऐकलं, शाळेतले गणिताचे पेपर तपासताना ऐकलं. नेब्बिओलो नावाचं द्राक्ष असतं, ते फार उशिरा पिकतं, ऑक्टोबरात धुकं उतरायला लागलं की मग त्याची तोडणी. त्याचीच बारोलो नावाची वाइन होते, त्याचीच बार्बारेस्को. एकाच खोऱ्याच्या ला मोर्रा गावच्या बाजूची बारोलो नाजूक, सेर्रालुंगाच्या बाजूची कडक. काही जण ती मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात, काही जणांनी छोटी नवी फ्रेंच पिंपं आणली, आणि त्यावरून बाप-लेकांत बोलणं बंद झालं. "म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावरून होतं तसंच," मी एकदा म्हटलं. "नाही गं, हे तत्त्वाचं भांडण आहे," तो म्हणाला. जसं काही बांधाचं भांडण तत्त्वाचं नसतं.

आणि हे सगळं न पिता! तो फक्त वास घ्यायचा. व्यवसायात चव घेऊन थुंकायची पद्धत असते म्हणे, पण याचं म्हणणं, थुंकताना एखादा थेंब मागे गेला तर? म्हणून ग्लास ओठांना लावायचाच नाही. हॉटेलात हे कुणालाच माहीत नव्हतं. टेस्टिंगच्या वेळी हा ग्लास फिरवायचा, नाक खुपसायचा, डोळे मिटायचा आणि असं काही बोलायचा की कोणाचं त्याच्या तोंडाकडे लक्षच जायचं नाही. बारोलोला गुलाब आणि डांबराचा वास येतो, असं पुस्तकांत लिहिलेलं. म्हणून घरी नाकाचा रियाज. माझा गुलकंद संपायचा. तिकडच्या जमिनीत सापडणाऱ्या पांढऱ्या ट्रफल नावाच्या अळंबीच्या वासाची सवय व्हावी म्हणून हिंगाची डबी उघडी राहायची. शेख झायेद रोडवर कुठे नवीन रस्ता होत असला की हा गाडी बाजूला घेऊन काच खाली करायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

"ममा, व्हाय इज बाबा स्मेलिंग द रोड?" शुभ्रा मागून विचारायची.

"त्याला विचार," मी म्हणायची. दुसरं काय सांगणार?

माझे बाबा अठ्ठ्याण्णव साली गेले. तेरावं झाल्यावर मीच धनंजयला म्हटलं, "आता पी बाबा एकदाची. साताऱ्याहून कोणी तुझं तोंड हुंगायला येणार नाही." तर म्हणतो, "शब्द त्यांना दिला होता, प्रज्ञा. आता तो सोडवणार कोण?" मी कपाळाला हात लावला.

दोन हजार साली मात्र गोष्ट गंभीर झाली. हॉटेलला वाइन मॅनेजर नेमायचा होता. लंडनहून एका फ्रेंच माणसाचा अर्ज आला होता, आणि धनंजय सात वर्षं तेच काम सुपरवायझर म्हणून करत होता. जनरल मॅनेजर, एक उंच लेबनीज गृहस्थ, त्याला म्हणाले की पिएमोन्तेहून एक सिन्योरा ऑर्नेला येणार आहेत. बारोलोच्या जुन्या, नावाजलेल्या घराण्यातल्या, वय सत्तर. त्यांची वाइन दुबईत कुणालाच मिळत नाही. त्यांच्यासोबत चाळीस बड्या पाहुण्यांचं डिनर कर. सिन्योरा वर्षाला साठ बाटल्या द्यायला तयार झाल्या, तर सेलर, म्हणजे ते सगळं कोठार, तुझं. नाही तर फ्रेंच माणूस.

जुलैत एका दुपारी त्याचा ऑफिसातून फोन आला. "प्रज्ञा, पटकन. सिन्योरा दुसऱ्या लाइनवर आहेत, त्यांना आत्ता तारीख हवीय. ऑक्टोबर एंडला शब-ए-मेराज कधी आहे बघ. आदल्या संध्याकाळपासून ड्राय असतं, ती टाळायला हवी. आमचा पीआरओ नूरुद्दीन लीव्हवर गेलाय, त्याचा सणांचा चार्ट लॉक्ड आहे."

माझ्या स्वयंपाकघरात आईने साताऱ्याहून पाठवलेलं कॅलेंडर होतं. दर जानेवारीत येतं. त्याच्यावर मी दुधाचे खाडे लिहिते, चतुर्थी पाहते. त्यात सगळ्यांचे सण असतात. मी पान उलटलं आणि सांगितलं, "बुधवार."

"मग मंगळवारची संध्याकाळ ड्राय. सोमवार सेफ. सोमवार फिक्स करतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी पुन्हा पोळ्या लाटायला लागले.

आता ज्याला कळलं असेल त्याला कळलं असेल. मला मात्र कळलं ते थेट सोमवारी, दुपारी साडेचारला. मला त्या रात्री पहिल्यांदाच हॉटेलचं आमंत्रण होतं. शुभ्राला शेजारच्या शहनाझकडे सोडून मी पैठणी नेसले होते. नवरा बो टाय घरीच विसरला होता, म्हणून लवकर निघाले. तळघरात उतरले तर धनंजय एका खोक्यावर बसलेला आणि हॉटेलची सरकारी कामं पाहणारा पीआरओ नूरुद्दीन त्याच्यासमोर उभा. नूरुद्दीन हैदराबादचा, दोनच दिवसांपूर्वी तीन महिन्यांच्या रजेवरून परतलेला, सज्जन माणूस.

"भाभी, आप ही समझाइए," तो म्हणाला. "मेराज कल है. आज मगरिबपासून, सूरज डूबते ही, ड्राय. पावणेसहाला खलास."

"कल कसं?" मी म्हणाले. "बुधवारी आहे. कॅलेंडरमध्ये छापलंय."

"कौन से कॅलेंडरमें?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमच्या साताऱ्याच्या कॅलेंडरातला चंद्र साताऱ्याचा! इथे तो एक दिवस आधी दिसतो. दरवर्षी इथली ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी आई फोनवर ईद मुबारक म्हणते, आणि मी दरवर्षी हसते. सात वर्षं हसले आणि जुलैत पान उलटताना अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे. आणि यालाही सुचू नये? मुसलमानी सणाची तारीख विचारायला दुबईत बसून बायकोच्या चतुर्थीच्या कॅलेंडरकडे फोन करणारा हा जगातला एकमेव माणूस असेल.

"कोणी सांगितलं वेनस्डे?" नूरुद्दीनने पुन्हा विचारलं.

"माझी मिस्टेक आहे," धनंजय म्हणाला. "मी जीएमनाही तेच सांगितलंय."

मला त्याचा भयंकर राग आला. माझी चूक परस्पर स्वतःच्या नावावर घेतोस, आणि वर मला विचारतही नाहीस? पण तो राग काढायला वेळ नव्हता. बारोलो आधी उघडून ठेवावी लागते, म्हणून याने दुपारी दोनलाच शहाण्णव, एकोणनव्वद आणि नव्वद सालच्या सगळ्या बाटल्या उघडून काचेच्या सुरयांत ओतल्या होत्या. नव्वदची एक बाटली चारशे दिरहॅम, म्हणजे पाच हजार रुपये. शिवाय तिकडची एक रीत असते, ग्लासात चमचाभर वाइन घालून फिरवायची आणि ओतून टाकायची, म्हणजे ग्लासाला साबणाचा, कपाटाचा वास राहत नाही. असे एकशेवीस ग्लास विसळून तिथेच बाहेरच्या दालनात, जिथे डिनर व्हायचं होतं, टेबलावर ओळीने मांडलेले. चाळीस लोक आठला येणार, आणि त्यांना द्यायला डाळिंबाचा रस.

मी एक ग्लास उचलला. रिकामा. नाकाशी नेला, आणि खरं सांगते, सात वर्षांत पहिल्यांदा मला तो वास आला. गुलकंदाचा. त्याच्या मागे कुठेतरी तापलेल्या रस्त्याचा.

"अरे, याला तर वास आहे," मी म्हणाले.

"असतोच. रिकाम्या ग्लासात जास्त कळतो. पण तासाभरात उडून जाईल."

"कशाला उडेल? मसाल्याच्या रिकाम्या बरणीला सहा महिने वास राहतो. झाकण लावलं की झालं. बशा आहेत ना तुमच्या हॉटेलात?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग धनंजयने नूरुद्दीनकडे पाहिलं. "चलेगा?"

नूरुद्दीनने घड्याळात पाहिलं. "वाइन सब अंदर, मगरिब से पहले ताला, चावी मेरे पास. खाली गिलास सूंघने पर तो कोई पाबंदी नहीं है, भाभी. यल्ला, जल्दी करो."

पैठणीचा पदर खोचून मी त्या तळघरात एकशेवीस ग्लासांवर एकशेवीस बशा पालथ्या घातल्या. पावणेसहाला पाच मिनिटं असताना नूरुद्दीनने सेलरला कुलूप लावलं.

सिन्योरा ऑर्नेला सातला खाली आल्या. बुटक्या, पांढरे केस, हात एखाद्या कुणबिणीसारखे राकट. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एक बशी उचलून ग्लासाचा वास घेतला आणि तो पुन्हा झाकला. जीएम मात्र लालबुंद झाले होते. "आफ्टर टुनाइट वुई टॉक," ते धनंजयला म्हणाले.

आठ वाजता पाहुणे आले. त्यांना कळलं तेव्हा कुजबूज झाली, दोघं-तिघं तोंड वाकडं करून निघूनही गेले. उरलेल्यांसमोर धनंजय उभा राहिला. त्याचं इंग्रजी आजही साताऱ्याच्या रस्त्याने जातं. तो म्हणाला, पहिली बशी काढा. आणि मग जे तो सात वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बोलत होता, तेच तो तिथे बोलला. धुकं, उशिरा पिकणारी द्राक्षं, पूर्वेकडचा उतार, एकाच घरातलं मोठं पिंप आणि छोटं पिंप. नव्वद साली उन्हाळा किती तापला होता. एकोणनव्वदच्या ग्लासात वाळलेल्या पाकळ्या कशा आहेत आणि शहाण्णवच्या ग्लासात त्या अजून कशा ओल्या आहेत. लोक एका ग्लासावरून दुसऱ्यावर नाक नेत होते. कोणी डाळिंबाच्या रसाला हातही लावला नाही. मी प्रत्येक वाक्य आधी ऐकलेलं होतं, वैतागून ऐकलेलं होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस किती सुंदर बोलतो, आणि माझी मलाच लाज वाटली.

शेवटी टाळ्या पडल्या. सिन्योरांनी विचारलं, "तुम्ही आमच्या गावाला कधी आला होतात?"

"कधीच नाही, मॅडम."

"मग तुम्हाला आमची कुठली वाइन प्यायला सर्वांत आवडते?"

सात वर्षं लपवलंस ना? मग आणखी पाच मिनिटं लपव. साल सांग, नव्वद सांग, एकोणनव्वद सांग, काहीही सांग. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी कुठलीच प्यायलेलो नाही. मी पीत नाही. माझ्या बायकोच्या वडिलांना शब्द दिलाय."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. जीएमना वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर सिन्योरांनी आम्हा दोघांना रेस्टॉरंटमध्ये बोलावलं. ड्राय संपलं होतं. टेबलावर नव्वद सालची सुरई होती, आदल्या दिवशी उघडलेली. जीएम समोर बसले होते आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला. "धनंजय, तू चांगलं बोललास. पण जो पीतच नाही त्याच्या हातात मी सेलर कसं देऊ? नाक सगळं सांगत नाही. तोंडात काय होतं ते तुला माहीतच नाही."

सिन्योरांनी एक ग्लास भरला आणि धनंजयपुढे सरकवला. 

"घे," मी मराठीत म्हणाले. "मी सांगते ना. बाबांच्या वतीने मी सांगते. मी त्यांची मुलगी आहे."

"शब्द तुला दिला नव्हता."

"अरे, सात वर्षांचं काम जाईल! लंडनचा माणूस येऊन बसेल तुझ्या खुर्चीत!"

"मला कळतं गं," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, मला प्यावीशी वाटत नाही? रोज वाटते. पण त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं. एवढंच मागितलं आणि तुझा हात माझ्या हातात दिला त्यांनी. आता ते नाहीत म्हणून मी..." त्याने ग्लास परत टेबलाच्या मध्यावर सरकवला.

माझा संयम संपला. या माणसाचं करावं तरी काय? बाबांवर राग, कॅलेंडरवर राग, त्याच्यावर राग आणि त्याहून जास्त माझ्यावर. मी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.

 धनंजय खुर्चीतून पुढे वाकला होता. त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले.

"कशी आहे?" त्याने विचारलं. "प्रज्ञा, सांग ना. कशी आहे?"

"तुरट," मी म्हणाले.

"तुरट?" तो ओरडलाच. "अगं, नव्वदची बारोलो आहे ती! सात वर्षं मी वाट बघतोय आणि तू मला तुरट सांगतेस? तुरट कुठे? जिभेवर, हिरड्यांवर, गालांच्या आत? आधी की नंतर?"

"थांब जरा." मी आणखी एक घोट घेतला, या वेळी तोंडात धरून ठेवला. "हिरड्यांवर. कच्ची सुपारी चघळल्यावर होतं तसं. पण ते मागून येतं. आधी आंबट. आणि गिळल्यावर... गिळल्यावर आपलं ते वाळलेल्या आमसुलाचं असतं ना, ते मागे राहतं. अजून आहे. अजून गेलं नाही."

"किती वेळ?"

"तू बोलायचा थांबलास तर मोजीन."

त्याने ते सगळं इंग्रजीत सिन्योरांना सांगितलं. कच्ची सुपारी समजवायला त्याला पाच मिनिटं लागली, आमसुलाला दहा. सिन्योरा मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी दुसऱ्या ग्लासात शहाण्णव ओतली आणि या वेळी ग्लास सरळ माझ्यापुढे सरकवला. मी प्यायले, सांगितलं, त्याने वासावरून ते जुळवलं, आम्ही दोघं मध्येच भांडलो, कारण तो म्हणत होता ही जास्त कडक असणार आणि मला ती नव्हती वाटत. सिन्योरांनी जीएमकडे वळून सांगितलं की साठ बाटल्या दरवर्षी येतील, या माणसाच्या नावावर. तो ज्या दिवशी या सेलरमध्ये नसेल त्या दिवसापासून येणार नाहीत. जीएमनी टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सपाट केली. शेवटी ते म्हणाले, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी डिनरची तारीख मी ठरवीन."

धनंजय वाइन मॅनेजर झाला त्याला आता तीन वर्षं झाली. फ्रेंच माणूस आला नाही. कॅलेंडर मी अजून लावते, पण शेजारी नूरुद्दीनने दिलेलं दुसरंही आहे. घरी दारू आणायचं आमचं परमिट निघालं ते माझ्या नावावर. दर बुधवारी संध्याकाळी तो दोन बाटल्या घेऊन येतो, मी हातातली कणीक टाकून स्टुलावर बसते, आणि तो वही उघडून विचारत राहतो. आधी की नंतर? हिरड्या की जीभ? मी थकलेली असते, माझे पेपर तपासायचे असतात, शुभ्रा आतून ओरडते, "ममा, आर यू ड्रिंकिंग अगेन?"

बाबांनी जावई निर्व्यसनी पाहून घेतला होता. मुलीबद्दल त्यांच्याकडून कोणी शब्द घेतला नव्हता.